गाणे पाठवा, पण त्याच्या माणसांसह

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आषाढात, कराडला पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर, मी आमच्या महाविद्यालयीन मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘केतकीच्या बनी तिथे नाचला गं मोर’ हे गाणे पाठवले. मला ते माझ्या भाचीकडून आले होते, तिला तिच्या ऑफिसमधल्या कोणाकडून तरी आले होते, आणि गाण्यासोबतच्या मजकुरात ‘लतादीदींचे अवीट गाणे’ असे लिहिलेले होते. मी तो मजकूर न वाचताच पुढे धाडला. पंधरा मिनिटांत नागपूरच्या मैत्रिणीचे उत्तर आले, ‘अगं, हे सुमन कल्याणपूर यांचे गाणे आहे. शब्द अशोकजी परांजपे यांचे, चाल अशोक पत्की यांची. आपण दोघींनी हे होस्टेलच्या गच्चीवर किती वेळा म्हटले आहे, आणि तूच ते लताबाईंचे म्हणून पाठवतेस?’ तिच्या शब्दांत राग नव्हता, तरी मला दिवसभर चैन पडले नाही. ज्या गायिकेच्या आवाजाची गल्लत आयुष्यभर दुसऱ्या एका थोर आवाजाशी होत राहिली, आणि जिला पद्मभूषण मिळायला 2023 साल उजाडावे लागले, तिच्याच गाण्यावरून तिचे नाव पुसण्यात माझाही हात लागला, ही गोष्ट मनाला लागून राहिली. तेव्हापासून जे मनात घोळते आहे ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मित्रांना गाणे पाठवताना ते कोणी लिहिले, त्याला चाल कोणी दिली, ते कोणी गायिले आणि ते आज पाठवावेसे का वाटले, एवढे आपण आपल्या शब्दांत लिहावे. आणि ज्या रोजच्या साध्या गप्पांच्या ओघात असे लिहिणे सुचते, त्या गप्पांना ‘रिकाम्या’ ठरवून ग्रुपबाहेर घालवू नये.

आमचा ग्रुप अडतीस जणांचा आहे. 1976 साली पदवी घेऊन बाहेर पडलेले आम्ही सगळे आता सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. काही जण सातारा आणि सांगली जिल्ह्यांतच राहिले, काही पुण्या-मुंबईला गेले, एक मैत्रीण मडगावला आहे, एक बडोद्याला, आणि दोघेजण मुलांपाशी परदेशात असतात. सकाळी सहाला पहिला निरोप येतो तो बहुधा फिरायला जाणाऱ्यांपैकी कोणाचा तरी, प्रीतिसंगमावर आज धुके किती दाट आहे याबद्दलचा. मग कोणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख कळते, कोणाच्या नातीची दहावीची प्रिलिम सुरू असते, मडगावची मैत्रीण मासळीचा भाव सांगते, कोणी घेवड्याच्या भाजीत दाण्याचे कूट घालावे की ओले खोबरे यावर मत विचारते आणि त्यावर अर्धा दिवस चर्चा चालते. यातले काही जपून ठेवण्यासारखे नसते. तरीही यातला एखादा आवाज चार दिवस गप्प राहिला तर कोणीतरी फोन उचलून चौकशी करते, आणि दोन वेळा अशा चौकशीमुळेच एकटे राहणारे मित्र वेळेवर दवाखान्यात पोहोचले आहेत.

चार-पाच वर्षे ग्रुप असा चालल्यावर आमच्यातल्या काही जणांनी नियम करावेत असे सुचवले. ग्रुपवर केवळ उपयुक्त माहिती यावी, गाणी आणि गप्पा यांसाठी वेगळी सोय करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा त्रास मी समजू शकते, कारण सकाळी उठून शंभर फुलांची चित्रे आणि सुविचार पुसत बसणे खरोखरच कंटाळवाणे असते. नियम झाला, आणि तो सुमारे सहा महिने पाळला गेला. त्या सहा महिन्यांत ग्रुपवर पेन्शनची परिपत्रके, औषधांचे घरगुती उपाय आणि बँकांच्या सूचना आल्या, आणि माणसे येईनाशी झाली. जे रोज बोलत होते ते गप्प झाले, कारण आपल्या अंगणातली जास्वंद फुलली हे उपयुक्त माहितीत बसते की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ज्याने नियम सुचवला होता त्या मित्रानेच एका रात्री लिहिले की आई गेल्यापासून घरात कोणी रेडिओ लावत नाही, आणि तिला आवडणारे एक गाणे त्याने खाली जोडले. त्या रात्री तीस जणांनी त्याला उत्तर दिले. नियम कोणी मोडला असे कोणाच्या मनातही आले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, म्हणजे मार्च 2020 मध्ये, टाळेबंदी आली. घराबाहेर पडता येत नव्हते, वर्तमानपत्रेही कित्येक ठिकाणी येत नव्हती, आणि रोजच्या आकड्यांनी जीव घाबरून जात होता. तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका मित्राने एक पद्धत घालून दिली. रोज रात्री नऊ वाजता एकाच माणसाने एकच गाणे द्यायचे, पाळीपाळीने. गाण्यासोबत गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे लिहायची, आणि हे गाणे आपल्या आयुष्यात कोठून आले ते चार ओळींत सांगायचे. ज्याला नावे ठाऊक नसतील त्याने आधी विचारावे, शोधावे, पण अंदाजाने लिहू नये. ही पद्धत आजही चालू आहे. त्या मित्राने प्रत्येक गाणे आणि त्यासोबतच्या ओळी फुलस्केप वहीत हाताने उतरवून ठेवल्या आहेत, आणि आता त्याची चौथी वही सुरू आहे.

या वह्या मी त्याच्या घरी बसून वाचल्या आहेत. एका मित्राने ‘शुक्रतारा मंद वारा’ दिले तेव्हा लिहिले होते की त्याच्या लग्नात वाढप्यांची पंगत बसली असताना कोणीतरी रेडिओ मोठा केला, आणि ज्या बायकोशी तोवर एक शब्दही बोलणे झाले नव्हते तिने हळूच ते गुणगुणले. त्याने पुढे हेही लिहिले की आपण आयुष्यभर हे अरुण दाते यांचे गाणे म्हणत आलो, पण त्यात सुधा मल्होत्रा यांचा तितकाच वाटा आहे, शब्द मंगेश पाडगावकर यांचे आहेत आणि ती चाल श्रीनिवास खळे यांची आहे, हे त्याला पाळी आल्यामुळे पहिल्यांदा नीट कळले. त्यावर पुढचे दोन दिवस खळ्यांच्या चालींवर बोलणे झाले. त्या ऐकताना सोप्या वाटतात आणि गळ्यातून काढायला गेले की पहिल्याच कडव्यात श्वास पुरत नाही, हा अनुभव पाच-सहा जणांनी सांगितला. बडोद्याच्या मैत्रिणीने तर स्वतः गाऊन, जिथे अडली ती जागा ध्वनिमुद्रित करून पाठवली. गाणे जर नुसतेच आले असते तर खाली अंगठ्याची आठ चित्रे उमटली असती आणि ते वर सरकून गेले असते.

नावे घेण्याची ही सवय आमच्या पिढीला कोणी लावली, याचा विचार करताना मला प्रत्येक वेळी आकाशवाणी आठवते. आमच्या घरी रेडिओ होता, त्याचा परवाना होता, आणि तो परवाना पोस्टात जाऊन दरवर्षी नवा करून आणण्याचे काम माझ्याकडे असे. ‘आपली आवड’ लागले की निवेदक आधी फर्माईश करणाऱ्यांची नावे आणि गावे वाचत, मग गीतकाराचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव सांगत, आणि मगच तबकडीची खरखर ऐकू येई. आम्ही पोस्टकार्डे पाठवत असू, आणि शेकडो गावांच्या यादीत आपल्या गावाचे नाव आले की गल्लीत सगळ्यांना कळे. ज्यांची तोंडे कधी पाहिली नाहीत अशा श्रोत्यांची नावे आम्हाला पाठ झाली होती. हिंदीच्या बाबतीत झुमरी तलैया या गावाचे नाव सगळ्या देशाला ज्यामुळे माहीत झाले तीही फर्माईशीची पत्रेच होती. म्हणजे एकमेकांना आवडीचे गाणे ऐकवणे आणि त्याच्या निमित्ताने आपण कोण, कुठले, घरात कोण कोण, हे सांगणे, ही गोष्ट मोबाइलने आणलेली नाही. पोस्टकार्डावर ती आधीपासून होती, आणि तिथे नावांना मान होता.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या ग्रुपच्या नियमाशी जुळणारी आहे. स्वतंत्र भारताच्या माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्रिपद 1952 पासून दहा वर्षे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी विद्वानाकडे होते. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी पुष्कळ केले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे लागेल. पण चित्रपटगीते ही हलकी करमणूक आहे, सरकारी नभोवाणीला ती शोभत नाहीत, अशा समजुतीतून ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले, तिथे 1952 च्याच डिसेंबरमध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरात पोहोचला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला आपले श्रोते परत बोलवावे लागले. लोकांना काय ऐकावेसे वाटते आणि एकमेकांशी काय बोलावेसे वाटते हे वरून ठरवता येत नाही, असे मला यातून वाटते. आपापल्या ग्रुपचे कारभार पाहणाऱ्या सर्व मंडळींना माझी विनंती आहे की गप्पा आणि गाणी बंद करण्याऐवजी ती अधिक जिव्हाळ्याने कशी होतील हे पाहावे.

नावे आता का गळतात, याची कारणे फार गूढ नाहीत. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापलेली असत, ध्वनिफितीच्या डबीतल्या घडीच्या कागदावरही ती असत, आणि सुई ठेवताना किंवा बाजू पालटताना डोळ्यांखालून जात. मोबाइलवर गाणे येते ते एखाद्या आकड्याच्या नावाने साठवलेल्या फाइलच्या रूपात, किंवा कोणा अनोळखी माणसाने यूट्यूबवर चढवलेल्या आणि त्यानेच बेतलेल्या मथळ्याखाली. गाणी ऐकण्याच्या कित्येक ॲपवर गायकाचे नाव ठळक दिसते, पण गीतकाराला शोधायचे तर दोन-तीन ठिकाणी दाबत जावे लागते, आणि जुन्या मराठी गाण्यांच्या बाबतीत तेवढे करूनही कित्येकदा हाती काही लागत नाही. त्यात एकदा चुकीचा मजकूर जोडला गेला की तो गाण्याला चिकटतो. निरोपावर ‘फॉरवर्ड केलेला’ अशी खूण 2018 पासून दिसू लागली आहे, आणि मजकूर फार फिरून आला असेल तर दोन बाण दिसतात. माझ्या ‘केतकीच्या बनी’वर ते दोन बाण होते. ते पाहून मी थांबायला हवे होते.

ही गल्लत एकट्या सुमनताईंच्याच वाट्याला आली असे नाही. गीतरामायणाचेच पाहा. सुधीर फडके यांनी पुढे ते गावोगाव गाऊन अजरामर केले, म्हणून छप्पन्नच्या छप्पन्न गाणी पहिल्यापासून त्यांच्याच गळ्यातून आली असे आज बहुतेकांना वाटते. 1955 सालच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले तेव्हा वेगवेगळ्या पात्रांची गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. माणिक वर्मा त्यांतल्या एक. गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे, शब्द आणि बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, चाली यांच्यासोबत त्या मूळ आवाजांचीही आठवण राहिली पाहिजे. ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे 1965 च्या ‘साधी माणसं’ या चित्रपटातले गाणे लताबाईंचे म्हणून सर्वांना ठाऊक असते. पण त्याची चालही त्यांचीच, ‘आनंदघन’ या नावाखाली त्यांनी दिलेली, हे माझ्या भाचीच्या पिढीला सांगितले तर तिला आश्चर्य वाटते. आणि ते शब्द ज्यांचे, ते जगदीश खेबूडकर व्यवसायाने शिक्षक होते हे कळल्यावर मला, एका शिक्षिकेला, त्या गाण्याबद्दल जास्तीची माया वाटली हे मोकळेपणाने सांगते. शांता शेळके यांनी ‘वसंत अवसरे’ या नावाने लिहिलेली गाणी ज्यांना त्यांची म्हणून ठाऊक नाहीत, त्यांच्या मनातल्या शांताबाई तेवढ्याने अपुऱ्या राहतात. टोपणनाव घेणाऱ्याने ते आपल्या इच्छेने घेतलेले असते. आपण मात्र निष्काळजीपणाने त्याचे दोन्ही हक्क घालवतो, टोपणनावाचाही आणि खऱ्या नावाचाही.

हक्क हा शब्द मी विचार करून वापरला आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे, कृतीचे आर्थिक हक्क विकून टाकल्यानंतरही ‘ही माझी कृती आहे’ असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क शाबूत राहतो. गाण्याच्या शब्दांवरचे स्वामित्व कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालते, म्हणजे 1977 साली गेलेल्या गदिमांच्या शब्दांवर ते 2037 अखेरपर्यंत आहे, आणि 2002 साली गेलेल्या शांताबाईंच्या शब्दांवर 2062 अखेरपर्यंत. 2012 साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि गीतकार व संगीतकार यांना त्यांच्या गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनाचा समान वाटा कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून दुसऱ्या कोणाला लिहून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. जुन्या काळी एकरकमी थोडे पैसे घेऊन गाणे कायमचे देऊन टाकणाऱ्या किती जणांच्या घरच्यांना याने पुढे आधार मिळाला असेल, असा विचार मनात येतो. मित्राला एक गाणे पाठवताना आपण कायद्याचा ग्रंथ उघडून बसावे असे मी म्हणत नाही. पण कोणी ध्वनिफितीवरून उतरवून वाटलेल्या फाइलऐवजी ज्या कंपनीकडे हक्क आहेत तिच्या अधिकृत ठिकाणाचा दुवा पाठवणे आपल्याला सहज जमते, आणि तिथे आपण ऐकले तर त्याची कुठेतरी नोंद होते. नावे लिहायला तर काहीच पडत नाही.

आमच्या एका मैत्रिणीची पाळी आली तेव्हा तिने मात्र माझ्या या सगळ्या हिशेबाच्या पलीकडचे काही दिले, आणि तेव्हापासून मी या विषयाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहू लागले. ती पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या एका वाडीतली. तिने लिहिले, ‘माझ्याकडे गाण्याचा दुवा नाही. माझी आई पहाटे जात्यावर म्हणायची त्या ओव्या मला चार येतात. त्या कोणी लिहिल्या माहीत नाही, चाल जात्याची आहे, आणि गायिका माझी आई.’ खाली तिने आईचे पूर्ण नाव लिहिले होते, गावाचेही लिहिले होते, आणि त्या चार ओव्या आपल्या आवाजात म्हणून पाठवल्या होत्या. मागे तिच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. ग्रुपमधल्या अडतीस जणांपैकी निदान वीस जणांच्या आया जात्यावर बसलेल्या आहेत, पण त्यांच्यापैकी एकीचेही नाव आम्ही मित्रमैत्रिणींनी पन्नास वर्षांत एकमेकांना सांगितले नव्हते. त्या रात्री एकेकाने आपापल्या आईचे नाव लिहिले. ‘आई’ किंवा ‘अमक्याची आई’ असे नाही, नाव. मी माझ्या आईचे लग्नाआधीचेही नाव लिहिले.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळवून जतन केल्या, आणि आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला आणि वाचायला मिळतात. तिथे ओवीखाली ती गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते, तालुका असतो. जिने शाळा पाहिली नाही, जिच्या आवाजाला कधी पुरस्कार मिळाला नाही, तिचीही नोंद इतक्या काळजीने झाली आहे. आणि त्या ओव्यांमध्ये तरी काय असते? सासर-माहेर, भावाची वाट, पावसाची ओढ, पिठाचे किती झाले आणि किती उरले. म्हणजे रोजच्याच गप्पा. दोघी समोरासमोर बसून दळताना जे बोलणे होई ते सुरात होई, एवढाच फरक. त्यामुळे गाणे वेगळे आणि गप्पा वेगळ्या अशी जी विभागणी आम्ही एकदा करू पाहिली, ती आमच्या आयांना समजली नसती, असे मला वाटते.

या पत्रावर काही आक्षेप येतील याची मला कल्पना आहे, कारण ते ग्रुपमध्येही आले. देवनागरीत टंकलेखन करणे पुष्कळांना जड जाते, बोटे थरथरतात, अक्षरे बारीक दिसतात. आमच्यातल्या दोघांना कंपवाताचा त्रास आहे, ते बोलून पाठवतात, आणि वही लिहिणारा मित्र ते ऐकून उतरवून घेतो. फोनमध्ये बोललेले मराठी आपोआप अक्षरांत उमटण्याचीही सोय असते. ती नातवंडांकडून एकदा शिकून घेतली की पुरते, फक्त ‘खळे’चे ‘काळे’ झाले नाही ना हे पाहावे लागते. नावे शोधायला वेळ नाही असेही काही जण म्हणाले. मराठीत जुन्या गाण्यांची माहिती निगुतीने जमवून मांडणारी मंडळी आहेत, त्यामुळे बहुतेक गाण्यांची नावे पाच मिनिटांत मिळतात, आणि नाही मिळाली तर ‘गीतकार कोण हे कोणाला ठाऊक असल्यास सांगावे’ एवढे लिहिणे पुरेसे आहे. आमच्याकडे असे लिहिले की हमखास कोणीतरी सांगते, आणि सांगताना आपली आठवणही जोडते.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. नियम फार झाले की माणसे बुजतात, नाव चुकेल या भीतीने गाणेच पाठवत नाहीत. हे खरे आहे. म्हणून चूक दाखवण्याची रीतही जपावी लागते. नागपूरच्या मैत्रिणीने मला जसे सांगितले, होस्टेलच्या गच्चीची आठवण देऊन, तसे सांगावे. चार लोकांत कोणाचे अज्ञान काढू नये. एका दुसऱ्या ग्रुपवर, जो माझ्या नोकरीच्या काळातला आहे, एका सहकाऱ्याने गायकाचे नाव चुकवले म्हणून त्याच्यावर इतका भडिमार झाला की त्याने ग्रुप सोडला, आणि नंतर तो कोणाच्या फोनलाही उत्तर देईना. असे घडणार असेल तर नावे चुकलेली परवडली.

तरुण वाचकांनाही मला दोन शब्द सांगायचे आहेत. तुम्ही जे ऐकता, त्याची आमच्याइतकीच ओढ तुम्हाला असते हे मी माझ्या भाचीकडे पाहून जाणते. ती आणि तिच्या मैत्रिणी एकाच वेळी आपापल्या घरी बसून एकच गाणे ऐकतात आणि ऐकता ऐकता एकमेकींना लिहितात. आम्हाला हे सुख नव्हते. आम्हाला फर्माईशीचे गाणे लागेपर्यंत आठवडे थांबावे लागे. पण तिला मी विचारले की या गाण्याचे शब्द कोणाचे, तर तिला सांगता येईना, आणि ते गाणे गेल्याच वर्षीचे होते. हे शब्द लिहिणारा मुलगा किंवा मुलगी कदाचित तुमच्याच वयाची असेल, पुण्यात किंवा नाशिकला भाड्याच्या खोलीत राहत असेल. तुम्ही मैत्रिणीला गाणे धाडताना ते शब्द लिहिणाऱ्याचे नाव लिहिलेत, तर ते त्याच्यापर्यंत पोहोचण्याचीही शक्यता आहे. गदिमांपर्यंत आमचे काही पोहोचणे आता शक्य नाही.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. वर्तमानपत्रांतून लेखांच्या शीर्षकांत आणि जाहिरातींत गाण्यांच्या ओळी वारंवार येतात, आणि बहुधा कवीच्या नावाशिवाय येतात. निदान लेखांमध्ये ते नाव देण्याचा प्रघात आपण सुरू करावा. दुसरे असे की, आपल्या रविवारच्या पुरवणीत पाव स्तंभाची जागा वाचकांच्या गाण्याला द्यावी. एक गाणे, तिन्ही नावे, पाठवणाऱ्याचे गाव, आणि ते गाणे त्याच्या घरात कसे आले याच्या दहा ओळी. ‘आपली आवड’मध्ये गावांची नावे ऐकत वाढलेले पुष्कळ वाचक आपल्याकडे आहेत आणि ते लिहितील अशी माझी खात्री आहे. वही लिहिणाऱ्या मित्राशी मी बोलले आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी, ज्यांच्या आठवणी आहेत त्यांची परवानगी घेऊन, त्या वह्यांतली हवी ती पाने झेरॉक्स करून पाठवायला आम्ही तयार आहोत. त्यांत पाटणच्या मैत्रिणीच्या आईच्या ओव्यांचे पान पहिले असावे, असे आमच्यापैकी सर्वांचे मत पडले आहे, आणि मैत्रिणीने त्याला होकार दिला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, कराड